हीथभूमीचे स्वयंसेवी संवर्धन

अम्लधर्मी, वालुकामय व निकस जमिनीवर वाढणाऱ्या आणि हीदर व तत्सम खुज्या क्षुपांनी (झुडपांनी) व्यापलेल्या उघड्या भूप्रदेशास हीथभूमी म्हणतात. अशा भूमीचे जे तुकडे निसर्ग राखीव क्षेत्रे म्हणून राखण्यात आले आहेत, त्यांची निगा आसपासच्या नागरिकांनी विनावेतन श्रम करून राखण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः इंग्लंडमध्ये विकास पावली. राखीव क्षेत्र म्हणजे मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवलेला प्रदेश, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हीथभूमीला ती लागू पडत नाही. येथे माणसाचे काम थांबले की काही दशकांतच झाडी माजते आणि हीथभूमी हीथभूमी म्हणून उरत नाही. त्यामुळे तिच्या संरक्षणात कायद्याइतकेच नियमित श्रमालाही महत्त्व आहे. हे श्रम पूर्वी उपजीविकेसाठी होत असत. आज त्यांतील मोठा वाटा स्वयंसेवकांनी उचलला आहे.

स्वरूप : हीथभूमीतील प्रमुख वनस्पती हीदर (कॅलूना व्हल्गॅरिस) ही असून तिच्यासोबत बेल हीदर (एरिका सिनेरिया) व ओलसर जागी क्रॉस-लीव्ह्‌ड हीथ (एरिका टेट्रॅलिक्स) या जाती आढळतात. या तिन्ही वनस्पती एरिकेसी कुलातील होत. पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स (युलेक्स प्रजाती) ही शिंबावंत (शेंगा येणारी) झुडपेही सर्वत्र दिसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस हीदर फुलली म्हणजे सर्व प्रदेश जांभळा दिसू लागतो. पावसाच्या पाण्याबरोबर पोषकद्रव्ये व लोहसंयुगे खाली झिरपत गेल्यामुळे मातीचा वरचा थर राखी रंगाचा व निकस होतो आणि काही ठिकाणी खाली कठीण लोहस्तर तयार होतो. अशा मृदेस पॉडझॉल म्हणतात. महाराष्ट्रातील माळरानाप्रमाणे हीथभूमीही उघडी व प्रथमदर्शनी ओसाड वाटते. तथापि माळरानावर गवताचे प्राबल्य असते, तर हीथभूमीवर काष्ठमय क्षुपांचे. सखल प्रदेशातील हीथभूमी यूरोपच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या देशांत विखुरलेली असून तिचा सु. एक-पंचमांश भाग ब्रिटनमध्ये आहे, असे सामान्यतः मानले जाते. डॉर्सेट, हॅम्पशर, सरी, सफक, डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांत ती विशेषेकरून आढळते.

उत्पत्ती : बहुतेक सखल हीथभूमी मानवनिर्मित आहे. नवाश्मयुगात व ब्राँझयुगात, म्हणजे सु. ५,००० ते ३,००० वर्षांपूर्वी, शेतीसाठी व चराईसाठी हलक्या जमिनीवरील अरण्ये तोडण्यात आली. उघड्या पडलेल्या मातीचा कस लवकरच गेला व तेथे हीदर पसरली. पुढे शेकडो वर्षे गावकऱ्यांचे सामाईक हक्क या भूमीवर चालत आले. गुरे, मेंढ्या व तट्टे चारणे, इंधनासाठी मातीसकट मुळांचे थर कापून नेणे, भाकरीच्या व विटांच्या भट्ट्यांसाठी गॉर्स तोडणे, छपरांसाठी, केरसुण्यांसाठी व जनावरांच्या बिछायतीसाठी हीदर कापणे हे ते हक्क होत. या सर्व वापरांमुळे एकीकडे झाडांची रोपटी वाढू शकली नाहीत आणि दुसरीकडे जमिनीतील पोषकद्रव्ये सतत बाहेर जात राहिली. जमीन निकस राहणे हीच हीदरला अनुकूल स्थिती होय. टॉमस हार्डी यांच्या द रिटर्न ऑफ द नेटिव्ह (१८७८) या कादंबरीतील एग्डन हीथ हा काल्पनिक प्रदेश डॉर्सेटच्या हीथभूमीवर बेतलेला असून तिचा नायक काही काळ गॉर्स तोडण्याचे काम करतो. तेव्हा हा व्यवसाय अस्तित्वात होता. दगडी कोळसा व इतर स्वस्त इंधने खेड्यांपर्यंत पोहोचल्यावर तो मागे पडला.

ऱ्हास : इंग्लंडमध्ये १८०० साली असलेल्या सखल हीथभूमीपैकी चार-पंचमांशांहून अधिक भूमी नंतरच्या काळात नाहीशी झाली. डॉर्सेटमधील ऱ्हासाचा अभ्यास एन्. डब्ल्यू. मूर यांनी केला व तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १८११ मध्ये सु. ३०,००० हेक्टर असलेली तेथील हीथभूमी १९६० मध्ये सु. १०,००० हेक्टरांवर आली होती. १९७८ च्या सुमारास ती सु. ६,००० हेक्टर उरली आणि तीही शेकडो लहानमोठ्या तुकड्यांत विभागलेली होती. शेतीचा विस्तार, सूचिपर्णी वृक्षांची लागवड, बोर्नमथ व पूल या शहरांची वाढ, वाळू व चिकणमातीच्या खाणी ही त्याची कारणे होत.

ही हानी उघडपणे दिसणारी होती. उरलेल्या तुकड्यांची हानी मात्र कोणी काही न केल्यामुळे झाली. चराई व तोड थांबल्यावर बर्च (भूर्ज वृक्षाच्या प्रजातीतील जाती) व स्कॉट्स पाइन यांचे हलके, पंखयुक्त बी वाऱ्याबरोबर येऊन रुजू लागले. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा शिरकाव झाला व रानससे प्रचंड संख्येने मेले. त्यामुळे रोपटी कुरतडणारा एक प्राणीही जवळजवळ नाहीसा झाला. वनस्पति-अनुक्रमणाच्या नियमानुसार अशी भूमी प्रथम झुडपी रानात व मग अरण्यात रूपांतरित होते. गळलेल्या पानांमुळे माती सुपीक बनते, सावलीमुळे हीदर मरते आणि ऊन लागणारे प्राणी निघून जातात.

अवलंबून असलेले प्राणी : सँड लिझर्ड (लॅसर्टा ॲजिलिस) हा सरडा उन्हाने तापलेल्या उघड्या वाळूत अंडी घालतो आणि जवळच्या जुन्या, दाट हीदरमध्ये आश्रय घेतो. स्मूथ स्नेक (कोरोनेला ऑस्ट्रिॲका) हा बिनविषारी साप ब्रिटनमध्ये जवळजवळ हीथभूमीपुरताच मर्यादित आहे. नाइटजार (कॅप्रिमल्गस यूरोपीयस) हा पक्षी महाराष्ट्रात रातवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्याच प्रजातीतील असून तो उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता अंडी घालतो. डार्टफर्ड वॉर्बलर हा लहान पक्षी हीदर व गॉर्स यांत बारमाही राहतो. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या दहा-अकराच जोड्या शिल्लक राहिल्या होत्या. सिल्व्हर-स्टडेड ब्ल्यू या फुलपाखराच्या सुरवंटांची राखण काळ्या मुंग्या करतात व त्याला कोवळी, आखूड हीदर लागते. या उदाहरणांवरून दिसून येईल की, या प्राण्यांना एकसारखी हीथभूमी पुरत नाही. उघडी वाळू, कोवळी हीदर, जुनी हीदर व गॉर्सची जाळी ही सर्व जवळजवळ असावी लागतात.

कायदा व संस्था : उघड्या सामाईक जमिनी वाचविण्यासाठी १८६५ मध्ये कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन झाली. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट व १९१२ मध्ये चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांच्या पुढाकाराने राखीव क्षेत्रांच्या प्रसारासाठीची संस्था अस्तित्वात आली. १९४९ च्या अधिनियमाने राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची तरतूद झाली आणि स्थानिक प्राधिकरणांनाही आपल्या हद्दीत स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार मिळाला. अनेक गावांलगतच्या छोट्या हीथभूमी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. १९७५ च्या कायद्याने सँड लिझर्ड व स्मूथ स्नेक यांना संरक्षण मिळाले व १९८१ च्या अधिनियमाने ते अधिक व्यापक झाले.

या कायद्यांनी बांधकाम, नांगरट व प्राण्यांची हत्या यांना आळा बसला. परंतु सरड्याला मारण्यास बंदी करता येते. त्याच्या अंड्यांच्या जागेवर सावली पाडणाऱ्या बर्चच्या रोपट्याला बंदी करता येत नाही, ते उपटावेच लागते. स्वयंसेवकांची गरज येथे निर्माण झाली. कौन्सिल फॉर नेचर या संस्थेने १९५९ मध्ये कॉन्झर्व्हेशन कोअर हे तरुणांचे पथक उभारले. त्याचे पहिले काम सरीमधील बॉक्स हिल येथे झाले. ती भूमी हीथ नसून चुनखडीवरील तृणभूमी होती. तथापि वाढलेली झुडपे तोडून उघडी भूमी राखणे हे कामाचे स्वरूप तेच होते. पुढे सुप्रसिद्ध झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी हे त्या पहिल्या तुकडीत होते. १९७० मध्ये या पथकाचे ब्रिटिश ट्रस्ट फॉर कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स या संस्थेत रूपांतर झाले. २०१२ पासून ती द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स या नावाने ओळखली जाते. परगणावार वन्यजीव न्यास, पक्षिसंरक्षण संस्था, तसेच सरीसृप व उभयचर प्राण्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेला व २००९ पासून नव्या नावाने काम करणारा न्यास यांचीही स्वयंसेवक मंडळे आहेत. डॉर्सेटमधील पर्बेक येथील हीथभूमी २०२० मध्ये सलग करून ३,३३१ हेक्टरांचे एक विस्तृत राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. त्यात सात संस्था भागीदार होत्या.

वार्षिक कार्यक्रम : कामाचे वेळापत्रक प्राण्यांच्या जीवनक्रमावर आधारलेले असते. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्याने तोड सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर या काळातच केली जाते. आठवड्यातील किंवा महिन्यातील एका ठरावीक दिवशी दहा-वीस लोक जमतात. त्यांत निवृत्त व्यक्ती, विद्यार्थी, नोकरदार व परिसरातील रहिवासी असतात. राखीव क्षेत्राचा पगारी अधिकारी किंवा प्रशिक्षित गटप्रमुख प्रारंभी त्या दिवसाच्या कामाचा हेतू, हत्यारे धरण्याची रीत, दोघांत राखावयाचे अंतर व प्रथमोपचाराची व्यवस्था समजावून सांगतो. हातमोजे व जाड बूट आवश्यक असतात. हातकरवत, धनुष्याकृती करवत, लांब दांड्यांची कात्री व मुळासकट झुडूप उपटणारी तरफ ही नेहमीची हत्यारे होत. यांत्रिक करवत व तणनाशक ही केवळ प्रमाणपत्रधारकांनी वापरावयाची असतात.

हिवाळ्यातील मुख्य काम रोपटी काढण्याचे असते. पाइनचे झाड जमिनीलगत तोडले की पुन्हा फुटत नाही. त्याची लहान रोपटी मुलेही हाताने उपटू शकतात. नाताळापूर्वी मध्यम उंचीची पाइनची झाडे देणगी घेऊन लोकांना घरी नेऊ देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. बर्चच्या बुंध्याला मात्र अनेक धुमारे फुटतात. म्हणून प्रथम खोड कमरेइतक्या उंचीवर कापतात, त्यामुळे बुंधा नजरेस राहतो. नंतर तो जमिनीलगत कापून ताज्या छेदावर तणनाशक लावतात. तोडलेला पाला तेथेच कुजू दिल्यास माती सुपीक होईल, म्हणून तो बाहेर नेतात अथवा जाळतात. जाळतानाही जुन्याच जागा वापरतात किंवा जमिनीपासून उंच ठेवलेल्या पन्हळी पत्र्यावर आग करतात व राख भरून नेतात. पूर्वीचा गावकरी मातीचा कस जळणासाठी नेत असे. स्वयंसेवक तोच कस जाणीवपूर्वक बाहेर काढतो. काही ओंडके कीटकांसाठी व सरड्यांसाठी मुद्दाम ठेवतात; सर्व झाडेही तोडत नाहीत, कारण तुरळक झाडांचा पक्ष्यांना उपयोग होतो.

हीदरचे आयुष्य नवोदित, वर्धमान, प्रौढ व क्षीण अशा चार अवस्थांत विभागतात. ए. एस. वॉट यांनी १९५५ मध्ये या अवस्था मांडल्या. सु. १५ वर्षांनंतर झुडूप प्रौढ होते व सु. २५ ते ३० वर्षांनी मधोमध फाकून क्षीण होऊ लागते. सर्व अवस्था एकाच क्षेत्रात राहाव्यात म्हणून हीदरचे छोटे पट्टे आळीपाळीने कापतात. गॉर्सही याच पद्धतीने छाटतात. उताराच्या दक्षिण बाजूस वरची माती खरवडून सँड लिझर्डसाठी वाळूच्या उघड्या पट्ट्या तयार करणे हे फावड्याचे काम आहे. हीदरचे बी मातीत अनेक दशके जिवंत राहू शकते. म्हणून जुनी पाइनची लागवड काढल्यावरही काही ठिकाणी ती आपोआप उगवून येते.

उन्हाळ्यात हत्यारांचे काम कमी व निरीक्षणाचे अधिक असते. जून-जुलैच्या सायंकाळी नाइटजारच्या नरांची एकसुरी घरघर ऐकून त्यांची गणना करतात. राष्ट्रीय गणनांत १९९२ मध्ये त्यांची संख्या सु. ३,४०० व २००४ मध्ये सु. ४,६०० नोंदली गेली. फुलपाखरांची नोंद एप्रिल ते सप्टेंबर या काळात ठरावीक वाटेने आठवड्यातून एकदा चालून घेतात; ही राष्ट्रीय योजना १९७६ पासून चालू आहे. सरीसृपांसाठी पन्हळी पत्रे जमिनीवर ठेवून त्यांखाली ऊब घेण्यास आलेले प्राणी मोजतात. दुर्मिळ जातींना हात लावण्यासाठी परवाना लागतो. ब्रॅकन या नेच्याचे मूलक्षोड (जमिनीखालील खोड) दुबळे करण्यासाठी त्याची पाने उन्हाळ्यात चिरडतात अथवा कापतात. मात्र घरटी असलेल्या जागा वगळतात. जेथे एक्समूर तट्टे किंवा काटक गुरे चरण्यास सोडलेली असतात, तेथे ती दररोज मोजून त्यांची प्रकृती पाहणे व कुंपण तपासणे हे कामही स्वयंसेवक वाटून घेतात. ॲडर हा विषारी साप व लाइम रोग पसरविणाऱ्या गोचिड्या यांपासून सावध राहावे लागते.

आगी व अभ्यागत : हीदर व गॉर्स कोरड्या हवामानात वेगाने पेटतात. मे २०२० मध्ये डॉर्सेटमधील वेअरम फॉरेस्ट येथे लागलेल्या आगीत सु. २२० हेक्टर क्षेत्र जळाले. त्या जागी उघड्यावर स्वयंपाकासाठी वापरलेल्या शेगड्यांचे अवशेष आढळले होते. अशा आगीत पक्षी उडून जाऊ शकतात. सरडे व साप बहुधा मरतात आणि भोवती वस्ती असल्यास दुसऱ्या तुकड्यातून ते पुन्हा येऊ शकत नाहीत. आग विझविणे हे स्वयंसेवकांचे काम नाही. आगप्रतिबंधक पट्टे मोकळे ठेवणे, धोक्याच्या दिवसांत गस्त घालणे व अग्निशामक दलास त्वरित कळविणे हे त्यांचे काम होय. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मोकळ्या कुत्र्यांचा उपद्रव होतो. २००० च्या अधिनियमान्वये खुल्या प्रवेशाच्या भूमीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रे आखूड पट्ट्याने बांधून नेणे बंधनकारक आहे. हा नियम रोज फिरायला येणाऱ्या शेजाऱ्यांना समजावून सांगणे शेजाऱ्यांपैकीच एकाला अधिक साधते.

मतभेद व मर्यादा : संवर्धनासाठी झाडे तोडणे अनेक रहिवाशांना पटत नाही. ज्यांनी लहानपणापासून एखाद्या टेकडीवर बर्चचे रान पाहिले, त्यांच्या दृष्टीने तेच तेथील निसर्गरूप असते. रान तीस-चाळीस वर्षांचे व हीथभूमी तीन-चार हजार वर्षांची आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. वृक्ष कार्बन साठवितात, हाही आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. त्यास उत्तर असे की, बर्चचे रान इतरत्र वाढविता येते. हीथभूमीला लागणारी निकस माती व तीवरील जीवजाती इतरत्र हलविता येत नाहीत. सामाईक जमिनीवर कुंपण घालण्यासाठी शासनाची संमती लागते व त्यावरही वाद होतात. ज्या ठिकाणी रहिवाशांना आधी बोलावून योजना दाखविली जाते आणि त्यांतील काही जण स्वतः करवत हाती घेतात, तेथे विरोध मवाळ होण्याची शक्यता अधिक असते.

हाताच्या श्रमाला मर्यादाही आहेत. शेकडो हेक्टरांवरील हीदर कापण्यासाठी यंत्रे व चराईसाठी जनावरे लागतात. स्वयंसेवकांचा खरा उपयोग दलदलीच्या, चढाच्या व नाजूक जागी, जेथे यंत्र नेता येत नाही तेथे होतो. वाहने व कारखाने यांमुळे हवेत मिसळणारी व शेतीतून उडणारी नायट्रोजनसंयुगे पावसाबरोबर येऊन माती सुपीक करतात. हे करवतीने थांबविता येत नाही. शिवाय स्वयंसेवकांच्या बळावर पगारी अधिकारी कमी करण्याचा मोह प्राधिकरणांना होऊ शकतो. कोणते झाड तोडावे व कोणते ठेवावे, हा निर्णय प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावा लागतो. ती नसल्यास उत्साही हातांकडूनही हानी संभवते. टुमॉरोज हीथलँड हेरिटेज यांसारख्या अनुदान योजनांमुळे बरीच भूमी मोकळी झाली. परंतु अनुदानाची मुदत ठरावीक असते, तर बर्चचे बी दरवर्षी पडते.

फलित : डार्टफर्ड वॉर्बलरच्या जोड्या २००६ च्या गणनेत ३,००० हून अधिक आढळल्या. सौम्य हिवाळे व मोकळी राखलेली हीथभूमी ही दोन्ही त्याची कारणे समजली जातात. नंतरच्या थंड हिवाळ्यांत ही संख्या पुन्हा घटली. सँड लिझर्ड ज्या परगण्यांतून नाहीसा झाला होता, त्यांतील काही ठिकाणी तो पुन्हा सोडण्यात आला असून तेथेही वाळूच्या पट्ट्या दरवर्षी मोकळ्या कराव्या लागतात. स्वयंसेवकांना मिळणारा लाभ व्यायाम, सोबत व परिसराचे ज्ञान या स्वरूपाचा असतो. एकदा साफ केलेल्या भागात काही वर्षांनी पुन्हा रोपटी दिसू लागतात व त्याच जागी पुन्हा यावे लागते. सामाईक हक्क असलेल्या गावकऱ्यांचा क्रमही असाच होता. फरक इतकाच की, त्यांना जळण हवे होते व हीथभूमी अनायासे टिकली. आताच्या लोकांना हीथभूमी हवी आहे आणि तिच्यासाठी ते श्रम करतात.